सरासरी ४२ मिनिटं, निघतो ४५ मिनिटं आधी, तरी उशीर का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने घरातून ऑफिसला पोहोचायला लागणारा वेळ चार आठवडे, म्हणजे कामाचे २० दिवस, तारीखवार लिहून ठेवला. सरासरी ४२ मिनिटं आली, म्हणून ते ४५ मिनिटं आधी निघतात. तरीही वीसपैकी चार दिवस उशीर झालाच. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी तर ९१ मिनिटं लागली. वैतागून दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी रस्ता बदलला. त्यानंतरच्या सहा दिवसांत एकदाही उशीर नाही आणि सरासरी आधीच्या १४ दिवसांच्या ४४.४ वरून ३६.५ वर आली. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: सरासरी काढण्यात काय चुकलं, स्प्रेडशीटने दिलेल्या १४.७ या प्रमाण विचलनाचं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाचं) करायचं काय, आणि नवा रस्ता खरंच चांगला म्हणायचा का. जाता जाता त्यांनी चतुर्थकांबद्दल आणि वीज, वजन अशा इतर नोंदींबद्दलही विचारलंय.

सरासरी काढण्यात काहीच चुकलेलं नाही. वीस आकड्यांची बेरीज ८४०, भागिले २०, उत्तर ४२. घोळ इतकाच की तुम्ही सरासरीला जो प्रश्न विचारलात, त्याचं उत्तर तिच्याकडे नसतंच. "किती आधी निघू म्हणजे उशीर होणार नाही?" हा तुमचा प्रश्न. सरासरी सांगते ते वेगळंच: महिन्याचा सगळा वेळ सगळ्या दिवसांना सारखा वाटला, तर एका दिवसाच्या वाट्याला किती येईल. रोजच्या आकड्यांचे बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतात. आकडा बरोबर असतो, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर असतो.

आता तुमचे आकडे चढत्या क्रमाने लावू. कुठलंही सूत्र टाकण्याआधी मी हे करतोच, कारण पाच मिनिटांच्या या कामात निम्मं विश्लेषण उरकतं. दहाचा आकडा डावीकडे, एककाचे आकडे उजवीकडे:

३ | १ २ ३ ३ ४ ४ ५ ५ ५ ६ ६ ७ ८ ९
४ | १ ४
५ | २ ८
६ | ६
७ |
८ |
९ | १

म्हणजे सगळ्यात कमी ३१, मग ३२, मग दोनदा ३३, असं करत शेवटी ९१. जॉन ट्युकी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने ही मांडणी लोकप्रिय केली. हिचा फायदा असा की चित्र दिसतं आणि मूळ आकडेही हरवत नाहीत. वीस-पन्नास आकड्यांसाठी याहून सोपं काही मला तरी माहीत नाही.

बघा काय दिसतं ते. चौदा दिवस तिशीत दाटीवाटीने बसलेत, आणि उरलेले सहा दिवस लांबलचक शेपटीसारखे वर पसरलेत. ही शेपटी एकाच बाजूला असणं साहजिक आहे. रस्ता कितीही मोकळा मिळाला तरी ३१ च्या फार खाली जाता येत नाही, पण अडकायचं ठरलं तर वर मर्यादाच नाही. वाट पाहण्याचा वेळ, दुरुस्तीचा खर्च, फोनवर घालवलेली मिनिटं, पगार, या सगळ्यांची ठेवण अशीच असते: खाली भिंत, वर मोकळं रान. अशा आकड्यांत सरासरी शेपटीकडे ओढली जाते. तुमच्या वीसपैकी पंधरा दिवस "सरासरीपेक्षा चांगले" आहेत. यात विरोधाभास काही नाही, शेपटीचा तो परिणाम आहे.

मध्यक, म्हणजे शीटमधलं मीडियन, हा रांगेतला मधला आकडा. वीस आकडे आहेत म्हणून दहावा आणि अकरावा घ्यायचा. दोन्ही ३६, म्हणून मध्यक ३६. तुमचा नेहमीचा दिवस हा आहे. "ऑफिसला जायला किती वेळ लागतो?" असं कुणी विचारलं तर ३६ सांगा, ४२ नको. आता ९१ चा दिवस काढून टाकून पाहा: सरासरी ४२ वरून ३९.४ वर घसरते, मध्यक जागचा हलत नाही.

एवढं वाचून लोक लगेच "मग सरासरी सोडा, मध्यकच वापरा" या निष्कर्षाला येतात. हा सल्ला हल्ली फार फिरतो आणि तो अर्धवट आहे. महिनाभरात प्रवासात एकूण किती वेळ गेला हे हवं असेल तर सरासरीच लागते: ४२ गुणिले २० म्हणजे ८४० मिनिटं, चौदा तास. मध्यकाने हिशेब केलात तर ७२० मिनिटं येतील आणि दोन तास कुठे गेले याचा पत्ता लागणार नाही. खर्च, इंधन, पाणी, वीज, जिथे शेवटी बेरीज भरायची असते, तिथे वाईट दिवसही मोजावे लागतात. सरासरी ते मोजते, मध्यक मोजत नाही.

बहुलक, सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, तुमच्या यादीत ३५ आहे, तीनदा आलाय. मिनिटांच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही. एखाद्या दिवशी ३५ ऐवजी ३६ लागले असते तर बहुलक बदलला असता. बुटाचा नंबर, तक्रारीचा प्रकार, कुठल्या वारी रजा जास्त पडते, अशा ठिकाणी तो कामाचा.

आता तुमचं १४.७. प्रमाण विचलन काढताना प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते बघून त्याचा वर्ग करतात, आणि वर्ग केला की मोठी अंतरं फार मोठी होतात. तुमच्या यादीत या वर्गांची बेरीज ४११८ येते, आणि त्यातले २४०१ एकट्या ९१ चे आहेत. म्हणजे वीस दिवसांच्या चढउतारातला ५८ टक्के वाटा एका गुरुवारचा! तो दिवस वगळला तर प्रमाण विचलन ९.४ वर येतं. ज्या आकड्यावर एका दिवसाची इतकी हुकमत चालते, त्याला "माझ्या प्रवासाची अनिश्चितता" म्हणणं मला पटत नाही.

शिवाय "४२ अधिक-उणे १४.७" असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात घंटेच्या आकाराचा तो ओळखीचा आलेख येतो: ६८ टक्के एका विचलनात, ९५ टक्के दोन विचलनांत. तुमच्याकडे एका विचलनाच्या आत, म्हणजे २७.३ ते ५६.७ मध्ये, सतरा दिवस आहेत, ८५ टक्के. आणि दोन विचलनं खाली गेलात तर १२.६ मिनिटं येतात, जे तुमच्या रस्त्यावर कुणालाही शक्य नाही. ६८-९५ चा नियम दोन्ही बाजूंना सारख्या उतरणाऱ्या, एकाच उंचवट्याच्या आकड्यांसाठी आहे. एकच वस्तू एकाच उपकरणाने पुन्हा पुन्हा मोजली, तर तिथे तो छान बसतो. (कुठल्याही आकाराला लागू पडणारी हमी हवी असेल तर रशियन गणिती चेबिशेव्हचा नियम आहे: दोन विचलनांच्या आत किमान ७५ टक्के आकडे असणारच. पण तो इतका सैल आहे की रोजच्या निर्णयाला क्वचितच पुरतो.)

तुमच्यासारख्या यादीला मी एक साधं माप वापरतो. मध्यकापासून प्रत्येक आकड्याचं अंतर काढा, अधिक-उणे सोडून द्या, आणि त्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढा. तुमच्या बाबतीत तो ३ येतो. "नेहमी ३६, इकडे-तिकडे ३ मिनिटं" हे वाक्य तुमच्या नेहमीच्या दिवसाचं वर्णन १४.७ पेक्षा कितीतरी प्रामाणिकपणे करतं. वीसपैकी बारा दिवस ३३ ते ३९ च्या आत आहेत. वाईट दिवसांबद्दल वेगळं बोलायचं, त्यांना या मापात कोंबायचं नाही.

चतुर्थकंही, म्हणजे रांगेचे चार सारखे भाग पाडणारे आकडे, काढलीत हे चांगलं केलंत. खालच्या दहांचा मध्यक ३४, वरच्या दहांचा ४२.५, मधलं अंतर ८.५. तुमच्या शीटने तिसरं चतुर्थक ४१.७५ दिलं आणि मित्राच्या प्रोग्रॅमने ४३.२५, म्हणून तुम्ही गोंधळलात. तिन्ही बरोबर आहेत. दोन आकड्यांमधली जागा कशी वाटायची याचे वेगवेगळे प्रघात आहेत, आणि वीसच आकडे असले की तो फरक डोळ्यांत भरतो. कुठलाही एक प्रघात धरा आणि तोच ठेवा. प्रमाण विचलनाच्या दोन सूत्रांचंही तेच: एकात १९ ने भागतात, दुसऱ्यात २० ने, म्हणून १४.७ आणि १४.३. चार आठवड्यांवरून एरवीच्या प्रवासाचा अंदाज बांधायचा असेल तर १९ वालं घ्या. या ०.४ वर झोप उडवू नका.

ट्युकीचा आणखी एक ठोकताळा: वरच्या चतुर्थकाच्या वर, त्या मधल्या अंतराच्या दीडपट गेलं की आकडा "वेगळा पडलेला" समजायचा. ४२.५ अधिक १२.७५, म्हणजे ५५.२५. तुमचे ५८, ६६ आणि ९१ या रेषेपलीकडे जातात. वेगळा पडलेला आकडा पुसून टाकायचा नसतो, त्याची चौकशी करायची असते. टंकताना चुकला का, घड्याळ चुकलं का, की खरंच तसं घडलं? तुम्ही त्या गुरुवारपुढे "अपघात, रस्ता बंद" असं लिहिलंय. म्हणजे आकडा खरा आहे. तो यादीत राहील, पण रोजचं नियोजन त्याच्यावर बेतायचं नाही. ९१ मिनिटं आधी निघायचं ठरवलंत तर नेहमीच्या दिवशी ५५ मिनिटं ऑफिसच्या दारात उभं राहावं लागेल.

आता मूळ प्रश्न, किती आधी निघायचं? याचं उत्तर रांगेच्या वरच्या टोकाला आहे आणि ते काढायला सूत्र लागत नाही, बोटाने मोजता येतं. ४४ मिनिटं आधी निघालात तर वीसपैकी चार उशीर. ५२ मिनिटं आधी निघालात तर तीन. ५८ ला दोन, ६६ ला एक. म्हणजे शेपटीतला प्रत्येक उशीर टाळायला रोज सहा ते आठ मिनिटं जादा मोजायची. तुमचे ४५ मिनिटं हे त्या हिशेबात "वीसपैकी चार उशीर चालतील" असं ठरवल्यासारखंच होतं, फक्त तुम्ही ते ठरवलं नव्हतं. किती उशीर परवडतात हे तुम्ही आणि तुमचे साहेब ठरवणार, संख्याशास्त्र त्याची किंमत तेवढी सांगतं.

पण थांबा, इतक्यात ६६ वर जाऊ नका. तुम्ही तारखा दिल्यात म्हणून मी वार लावून पाहिले. चारही सोमवार असे आहेत: ५८, ५२, ६६, ४४. तुमच्या यादीतले सगळ्यात मोठे पाच आकडे काढा. त्यातला एक अपघाताचा गुरुवार, उरलेले चार म्हणजे चारही सोमवार! उरलेल्या पंधरा दिवसांतला सगळ्यात मोठा आकडा ४१.

म्हणजे ही एक यादी नव्हतीच. दोन याद्या एकमेकींत मिसळल्या होत्या. सोमवारची सरासरी ५५. गुरुवारचा अपघात सोडून बाकी दिवसांची ३५.३. आणि ४२ हा आकडा? तो या दोहोंच्या मधल्या ओसाड जागेतला आहे. तुमच्या वीस दिवसांत एकदाही बरोबर ४२ मिनिटं लागलेली नाहीत.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. आकडे पाहून झाल्यावर मी नमुना शोधला, आणि पाच वार असले की कुठला तरी वार वाईट दिसणारच. म्हणून हिशेब केला: वीस आकडे दिवसांना नुसते चिठ्ठ्या टाकून वाटले, तर कुठल्याही एका वाराचे चारही दिवस पहिल्या पाचांत येण्याची शक्यता साधारण दोनशेत एक. त्यामुळे मी सोमवारवर विश्वास ठेवायला तयार आहे. चारच सोमवार आहेत, तेव्हा ५५ हा आकडा पक्का समजू नका, पण सोमवार जड आहे एवढं नक्की. सोमवारी ६६ ते ७० मिनिटं आधी निघा, बाकी दिवशी सध्याचे ४५ भरपूर आहेत.

हा नमुना सरासरी, मध्यक, विचलन, चतुर्थक यांपैकी कुणीही दाखवला नाही, कारण ही सगळी मापं क्रम आणि वार फेकून देऊन मगच काढली जातात. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम याने १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मुद्दाम रचून दाखवले होते. चौघांची आडव्या अक्षावरची सरासरी ९, उभ्या अक्षावरची ७.५, सहसंबंध (दोन्ही किती जोडीने बदलतात याचं माप) ०.८१६, सगळं जवळपास सारखं. आलेख काढला की एक साधा पसरलेला ढग, एक वळणदार कमान, एक सरळ रेषा आणि तिच्यापासून दूर एक चुकार बिंदू, आणि एकात तर दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत. म्हणून आलेख काढाच. तारखेप्रमाणे बिंदूंचा एक, आणि गटांचा आयतालेख, म्हणजे कुठल्या गटात किती आकडे पडले ते दाखवणारे खांब, एक. गटाची रुंदी मात्र दोन-तीन वेळा बदलून पाहा. तुमचे आकडे वीस-वीस मिनिटांच्या गटात घातले तर १४, ४, १, १ असा नुसता उतार दिसतो. पाच-पाचच्या गटात घातले की ४५ ते ४९ ची मोकळी जागा उघडी पडते, आणि सोमवारचा संशय तिथेच येतो.

आता नवा रस्ता. आधीचे १४ दिवस सरासरी ४४.४, नंतरचे सहा दिवस ३६.५. जवळजवळ आठ मिनिटांचा फायदा. ऐकायला झकास. मध्यक काढला तर आधी ३७, नंतर ३५.५. आठाचे दीड झाले. आता सोमवार आणि अपघात बाजूला ठेवून सारख्या दिवसांची सारख्यांशी तुलना करा. आधीचे दहा दिवस: ३१, ३२, ३३, ३४, ३५, ३५, ३६, ३८, ३९, ४१, सरासरी ३५.४. नंतरचे पाच दिवस: ३३, ३४, ३५, ३६, ३७, सरासरी ३५. फायदा अर्ध्या मिनिटाहूनही कमी. आठ मिनिटं गेली कुठे? जुन्या रस्त्याच्या खात्यात तीन सोमवार आणि एक अपघात पडला होता, नव्याच्या खात्यात एकच सोमवार.

यात आणखी एक सापळा आहे. बदल तुम्ही कधी केलात? सगळ्यात वाईट दिवसानंतर. सगळ्यात वाईट दिवसानंतरचा दिवस, तुम्ही काहीही केलं नसतं तरी, बहुधा त्याहून चांगलाच जातो. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये उंचीच्या अभ्यासात हेच मांडलं: फार उंच आई-वडिलांची मुलं इतरांपेक्षा उंच असतात, पण सरासरीने आई-वडिलांइतकी नसतात. टोकाची गोष्ट पुन्हा तितक्याच टोकाला जात नाही. दुखणं अगदी असह्य झाल्यावर सुरू केलेलं औषध, सगळ्यात कमी गुण मिळाल्यावर लावलेली शिकवणी, यांना याच कारणाने हक्कापेक्षा जास्त श्रेय मिळतं.

नव्या रस्त्याच्या बाजूने एकच गोष्ट आहे: त्याच्यावरचा सोमवार ४४ मध्ये निघाला, जुन्यावरचे तिन्ही ५० च्या वर होते. ही कदाचित खरी बातमी असेल. एका सोमवारवरून मी ती मानणार नाही, तुम्हीही मानू नका.

बाकी तुम्ही इतर नोंदींबद्दल विचारलंय, त्यांच्याबद्दल पटकन. विजेची युनिटं फेब्रुवारीपेक्षा मार्चमध्ये ११ टक्क्यांनी वाढली म्हणता, पण २८ चे ३१ दिवस झाले की काही न बदलता १०.७ टक्के वाढतात. आधी दिवसांनी भागा, मग बोला. रोजचं वजन पाण्यामुळे खाली-वर होत राहतं, तेव्हा सात दिवसांची चल सरासरी, म्हणजे रोज मागच्या सात दिवसांची सरासरी, काढा आणि तिचाच कल बघा. सरासरींची सरासरी काढू नका: सोमवारची ५५ आणि उरलेल्या सोळा दिवसांची (अपघात धरून) ३८.७५ यांची सरासरी ४६.९ येते, खरी ४२ आहे, कारण चार दिवस आणि सोळा दिवस यांचं वजन सारखं नाही. वेगाचंही तसंच. जाताना ताशी ६०, त्याच रस्त्याने येताना ४०, तर सरासरी वेग ५० नव्हे, ४८. हळू जाताना वेळ जास्त जातो. आणि दर १० टक्क्यांवरून १२ वर गेला तर ती दोन टक्के-बिंदूंची वाढ आहे, टक्क्यांत २०. लिहिताना कुठलं म्हणायचंय ते स्पष्ट लिहा.

पुढच्या नोंदींसाठी एवढं करा. घरातून निघालेली वेळ आणि पोहोचलेली वेळ, दोन्ही लिहा, नुसता फरक नको. सोमवारी तुम्ही नेहमीपेक्षा उशिरा, ऐन गर्दीत निघत असाल तर दोष सोमवारचा नाही, निघण्याच्या वेळेचा आहे, आणि आत्ताच्या नोंदीवरून ते कळत नाही. पाचाच्या पटीत गोल करू नका. ज्या दिवशी लिहायला विसरलात तिथे अंदाजाने भरू नका, रिकामी जागा सोडा. वैतागलेल्या दिवशी नोंद राहून जाणं फार सहज होतं, आणि तेच दिवस गळाले तर यादी उगाच गोंडस दिसते. रस्ता कुठला घ्यायचा हे सकाळी मनावर सोडू नका, नाणं उडवून ठरवा, नाहीतर घाईच्या दिवशी तुम्ही नकळत एकच रस्ता पकडाल. सोमवारचं नाणं वेगळं उडवा, आणि दोन्ही रस्त्यांवर चार-पाच तरी सोमवार पडेपर्यंत निकाल लावू नका. साधे दिवस चार-सहा आठवड्यांत पुरेसे जमतील, सोमवारांना मात्र दोन-अडीच महिने लागतील.